समुद्रात ड्रग्ज कोण पकडतं: नौदल की तटरक्षक दल?

सोलापूरपासून समुद्र लांब. त्यामुळे भर समुद्रात हजारो किलो ड्रग्ज सापडल्याची बातमी आली, की आपल्याकडे ती ‘नेव्हीनं पकडलं’ अशीच पुढे जाते. अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंही नौदल आणि तटरक्षक दल यांची सरमिसळ करतात. तशी ती होणारच. दोन्ही दलं संरक्षण मंत्रालयाखाली, दोन्हींकडे जहाजं आणि विमानं, कायद्यानं दोन्ही सशस्त्र दलंच. तटरक्षक दलाचे महासंचालकही अनेक वर्षं बहुधा नौदलातूनच येत. पण अमली पदार्थांचा प्रश्न आला की दोघांची कामं वेगळी होतात, आणि तो फरक नीट कळायला हवा.

तटरक्षक दल जन्माला आलं तेच तस्करीमुळे. सत्तरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावर सोनं आणि परदेशी माल चोरून उतरत होता, कस्टमच्या बोटी त्याला पुऱ्या पडत नव्हत्या. १९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे रुस्तमजी आपल्या कामठीत जन्मलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. समितीनं समुद्रासाठी वेगळं दल सुचवलं. १ फेब्रुवारी १९७७ ला नौदलाकडून मिळालेल्या २ फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आणि ५ गस्ती नौकांवर काम सुरू झालं, आणि १९७८ च्या कायद्यात तस्करीविरुद्ध कस्टमला मदत करणं हे या दलाचं कर्तव्य म्हणून लिहिलं गेलं. म्हणजे ड्रग्जची बोट शोधणं हे त्यांचं रोजचं काम.

नौदलाचं रोजचं काम युद्धसज्जतेचं. ड्रग्जच्या कारवाईत ते बहुधा दुसऱ्या यंत्रणेच्या हाकेला धावून येतं.

दोन घटना शेजारी ठेवल्या की हे दिसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानातल्या बॅरन बेटाजवळ नेहमीच्या टेहळणीवर असलेल्या तटरक्षक दलाच्या डॉर्निअर विमानाला एक मासेमारी ट्रॉलर संशयास्पद वाटला. जहाज गेलं, झडती झाली, सुमारे ५,५०० किलो मेथॅम्फेटामिन सापडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुजरातजवळच्या समुद्रात सुमारे ३,३०० किलो माल पकडला गेला, त्यात बहुतेक चरस. तिथे जहाज आणि टेहळणी विमान नौदलाचं होतं, पण सोबत अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी होती. बोट, माल आणि माणसं पुढे तपास यंत्रणांच्या ताब्यात गेली.

ही सोपवणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४२ मध्ये सशस्त्र दलांचा उल्लेख आहे, पण केंद्र सरकारनं आदेश काढून अधिकार दिले तरच झडती आणि अटक त्यांना करता येते. पुढे पंचनामा, नमुने, दंडाधिकाऱ्यांसमोर मालाची यादी हे सगळं बिनचूक लागतं. त्यात ढिलाई झाली तर भर समुद्रात जीव धोक्यात घालून पकडलेला आरोपी कोर्टातून सुटतो. युद्धनौकेवरच्या माणसाचं प्रशिक्षण या कामाचं नसतं. अमेरिकेनंही हेच ओळखलंय. तिथे लष्करानं थेट अटक करण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून नौदलाच्या जहाजावर तटरक्षक दलाची तुकडी बसते आणि अटक ती करते.

अंतराचा मुद्दा थोडक्यात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आपली हद्द. खुल्या समुद्रात परदेशी झेंड्याच्या जहाजावर ड्रग्जसाठी चढायचं, तर सर्वसाधारणपणे त्या देशाची संमती लागते. फार दूरवर मात्र नौदलच पोचतं. मार्च २०२५ मध्ये नौदलाच्या आयएनएस तर्कश या युद्धनौकेनं पश्चिम हिंदी महासागरात अडीच हजार किलोंहून जास्त माल पकडला, तो बहुराष्ट्रीय मोहिमेचा भाग म्हणून.

आता आपल्या गावाचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोनचा, म्हणजे एमडी या ड्रगचा कारखाना सापडला, तेव्हा ‘आता लष्करच बोलवा’ ही भाषा सहज तोंडी येण्यासारखी होती. पण एमडी बनतं ते रसायनांपासून, चार भिंतींच्या आत. तिथे तटरक्षक दलाचं पांढरं जहाजही पोचत नाही आणि नौदलाचं करडंही. तो कारखाना शोधला मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं. आपल्या औद्योगिक वसाहतीत कोणता गाळा कुणाला भाड्यानं गेला, तिथे कुठली रसायनं उतरतात, रात्री कसला उग्र वास येतो, हे शेजारच्या कामगारालाच आधी कळतं. त्याच्यासाठी १९३३ हा एनसीबीचा क्रमांक आहे, आणि नाव न सांगताही त्यावर माहिती देता येते.