ऑक्सिजन सेन्सर काढायचा की वाचायचा? मोटरसायकलच्या इंजेक्शन ट्यूनिंगची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो १ एप्रिल २०२० नंतर. त्या दिवसापासून देशभर धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांतूनही कार्ब्युरेटर गेला. काही स्वस्त गाड्यांनी इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर ठेवून नियम सांभाळले. बाकी सगळीकडे हवा आत सोडणारी थ्रॉटल बॉडी, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाइपात बसवलेला, धुरातला उरलेला ऑक्सिजन ओळखणारा एक ऑक्सिजन सेन्सर आला. टाळेबंदीमुळे या गाड्या शोरूममधून बाहेर पडायलाच उशीर झाला, मग वॉरंटीची वर्षे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. अमळनेर, चोपडा, शहादा अशा ठिकाणच्या स्वतंत्र मेकॅनिकांच्या हाती त्या मोठ्या संख्येने यायला लागल्या त्या अलीकडेच.

त्याआधी इंजेक्शन अगदीच अनोळखी नव्हते, पण ते हौशी लोकांपुरते होते. २००६ मध्ये ग्लॅमरची इंजेक्शन आवृत्ती आली, २००७ मध्ये पल्सर २२०, २००८ मध्ये आर१५, २००९ मध्ये क्लासिक ५००. यातल्या पल्सर २२० ने २००९ मध्येच पुन्हा कार्ब्युरेटर घेतला, किंमत उतरली आणि गाडी भरपूर खपली. इंजेक्शन म्हणजे नसती कटकट, असे त्यातून अनेकांनी मनाशी धरले आणि ते मत पुढची दहा वर्षे टिकले. मार्च २०१७ च्या शेवटी न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. शेवटच्या दोन दिवसांत मोठी सूट मिळाली, शोरूमवर झुंबड उडाली. तेव्हा घेतलेल्या गाड्या आजही रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत फिरताना दिसतात. बीएस-४ मध्येसुद्धा नेहमीच्या वापराच्या बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर कायम राहिला. त्यामुळे एअर स्क्रू अर्धा फेरा फिरवून, प्लग काढून त्याचा रंग चॉकलेटी आला का, की काजळी धरली, हे पाहून गाडी लावणाऱ्या माणसाला थेट ईसीयूसमोर उभे राहावे लागले. मधली पायरी आलीच नाही.

सेन्सरचा जन्म गाडीच्या पिकअपसाठी झालेला नाही. तो धुराच्या नियमांमुळे झाला, आणि आजचा सगळा वाद तिथूनच निघतो. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन वाहतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होते. त्याचा गाडीत उपयोग झाला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी बनवलेल्या एका स्वीडिश मोटारीत. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर काम करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर हवा-इंधनाचे प्रमाण अगदी नेमके असेल तरच चालतो. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग इंधन असे धरतात आणि त्यालाच लॅम्डा १ म्हणतात. त्या रेषेवर इंजिन धरून ठेवायला कोणीतरी पहारेकरी हवा होता, तो हा सेन्सर. मोटरसायकलींत इंजेक्शन १९८० च्या सुमारास जपानी गाड्यांतून आले; सेन्सर आणि कन्व्हर्टर त्यांच्याकडे नंतर पोचले. आपल्याकडे तर शिसे असलेले पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पर्यंत विकले जात होते. शिसे या सेन्सरलाही मारते आणि कन्व्हर्टरलाही, म्हणजे त्याआधी देशभर हे तंत्र आणणे शक्यच नव्हते.

गाडीसोबत येणारा हा सेन्सर नॅरोबँड असतो. मिश्रण रिच (इंधन जास्त) असेल तर तो ०.८-०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, लीन (इंधन कमी) असेल तर ०.१ च्या आसपास, आणि लॅम्डा १ पाशी, ०.४५ व्होल्टच्या जवळ, त्याची एकदम उडी पडते. मिश्रण कोणत्या बाजूला आहे एवढे तो सांगतो. किती दूर आहे ते त्याला सांगता येत नाही. सुमारे ३०० अंशांच्या खाली तो कामच करत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत त्याच्या पोटात हीटर असतो. ईसीयू त्याचे ऐकत इंधन थोडे वाढवतो, थोडे कमी करतो आणि सेकंदा-दोन सेकंदांनी इकडून तिकडे झुलत राहतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. पूर्ण रेस दिली, गाडी थंड असली किंवा एकदम मूठ पिळली की ईसीयू सेन्सरकडे पाहणे सोडतो आणि आधीच भरून ठेवलेल्या मॅपवर, म्हणजे कोणत्या आरपीएम-थ्रॉटलला किती इंधन याच्या तक्त्यावर, चालतो. ते ओपन लूप.

या दोन अवस्थांचा घोळ इतका मोठा आहे की निम्मी भांडणे त्यातूनच होतात. ग्राहक येतो, फ्री फ्लो सायलेन्सर आणि नवा फिल्टर बसवून घेतो, आणि आठवड्याने तक्रार करतो, ‘गाडी वढत नही.’ त्यावर दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, सेन्सरच काढून टाक, त्या जागी बोल्ट लाव, वायरीला रेझिस्टन्सचा प्लग लाव म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागणार नाही. दुसरा म्हणतो, सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये डबी बसव. ही डबी सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला मिश्रण आहे त्यापेक्षा लीन असल्याचे भासवते, मग ईसीयू आपणहून इंधन वाढवतो आणि मधल्या रेसवरचे धक्के कमी होतात.

डबीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. कंपनीने गाडी मधल्या वेगात लॅम्डा १ वर ठेवलेली असते ती कन्व्हर्टरसाठी. एका सिलिंडरच्या गाडीला तिथे किंचित रिच मिश्रण जास्त मानवते, आणि हे मूठ सोडताना-धरताना हाताला जाणवते. सगळ्यात जास्त ताकद साधारण लॅम्डा ०.८७ च्या आसपास, म्हणजे रिच बाजूला, मिळते, हेही खरे. पण डबीचा परिणाम क्लोज्ड लूपपुरताच. पूर्ण रेसवर, म्हणजे जिथे सायलेन्सर बदलल्याचा फरक सर्वात जास्त पडतो तिथे, ईसीयू सेन्सरचे ऐकतच नाही, तेव्हा डबीचे तरी कसे ऐकेल? काही ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये शिकलेली दुरुस्ती ओपन लूपमध्ये नेतात, काही नेत नाहीत. डबी विकताना हे कोणी सांगत नाही.

सेन्सर काढून टाकणे याहून वाईट. इंजेक्टरला कचरा धरला, पंपाचा दाब उतरला, थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा टीपीएस सरकला, तर ते सांभाळून घेणारा एकमेव घटक तोच होता. तो गेल्यावर गाडी कायम मॅपच्या भरवशावर चालते, आणि तो मॅप ना त्या सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो ना भुसावळच्या मे महिन्यासाठी. आणि ज्या माहितीवरून ट्यूनिंग करायचे तीच आपण हाताने बंद केलेली असते, याचे मला सर्वात वाईट वाटते.

ती माहिती म्हणजे ट्रिम, सेन्सरचे ऐकून ईसीयूने मॅपमधल्या इंधनात केलेली टक्केवारीतली वाढ-घट. स्कॅनर डायग्नोस्टिक कनेक्टरला जोडला की शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेली) असे दोन आकडे दिसतात. समजा ४००० आरपीएम आणि २० टक्के थ्रॉटलला लाँग टर्म अधिक ८ दाखवतो. म्हणजे त्या जागी मूळ मॅप ८ टक्के कमी इंधन देतो आहे आणि ईसीयू ते भरून काढतो आहे. मॅप उघडता येत असेल तर त्या चौकोनात ८ टक्के वाढवायचे, पुन्हा चालवायचे, पुन्हा पाहायचे. ऑटोट्यून म्हणतात ते मूळात एवढेच आहे. फक्त पूर्ण रेसचा भाग या सेन्सरवर लावता येत नाही, कारण तो नुसतेच ‘रिच’ म्हणत राहतो. त्यासाठी १९९० च्या दशकात आलेला वाइडबँड सेन्सर लागतो, जो किती रिच आणि किती लीन हे आकड्यात सांगतो.

वाइडबँड बसवतानाची हयगय मात्र महाग पडते. त्याचा नट बेंड पाइपाच्या वरच्या अंगाला, किमान दहा अंश कलता वेल्ड करावा लागतो. सरळ आडवा किंवा खाली तोंड करून लावला तर थंड पाइपात साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडते आणि ते तडकते. हेडजवळचे सायलेन्सरचे गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर लीन सांगतो आणि गाडी असलेल्या मिश्रणावर आणखी पेट्रोल ओतते. आखूड सायलेन्सर असेल तर आयडलिंगला मागच्या तोंडातूनही हवा आत येते, तेव्हा त्या आकड्यावर विसंबायचे नाही. इंजिनला सर्रास लावतात तो साधा सिलिकॉनचा गॅस्केट मेकरही सेन्सरला विषच. सेन्सरला चालणारा वेगळा मिळतो, ट्यूबवर तसे लिहिलेले असते.

आता ई२०. २०२३ च्या फेब्रुवारीत काही पंपांवर सुरू झालेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे पोचले, आणि बिनमिश्रणाचे साधे पेट्रोल घेण्याची सोय बहुतेक पंपांवर उरली नाही. इथेनॉलला पूर्ण जळायला सुमारे ९ भाग हवा पुरते, म्हणून ई१० चे नेमके प्रमाण १४.१ च्या आसपास आणि ई२० चे साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे ई१० वर लावलेल्या गाडीला तेवढ्याच हवेत साधारण ४ टक्के जास्त इंधन लागते. सेन्सर लॅम्डा मोजतो, पेट्रोलची जात त्याला कळण्याची गरज नसते. क्लोज्ड लूपमध्ये तो हा फरक आपोआप भरून काढतो. २०१७ च्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ती सोय नाही, ती लीनच चालते, तिचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोके) बदलावे लागतात. २०२१ च्या सरकारी आराखड्यात जुन्या, ई१० वर लावलेल्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांच्या रबराचा, पाइपांचा प्रश्न वेगळा, आणि तो कुठल्याही ट्यूनिंगने सुटत नाही. पर्याय न ठेवता हे पेट्रोल आणण्याविरुद्धची याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळली. आपल्याकडे या वादाला दुसरी बाजूही आहे, कारण इथेनॉल मक्यापासूनही बनते आणि मका खान्देशच्या शेतातला आहे. एकाच घरात मक्याच्या भावावर खूश असणारा बाप आणि गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर नाराज मुलगा सापडतो.

हवेचेही तसेच. हिवाळ्यातल्या पहाटेच्या १२ अंशांपासून उन्हाळ्यातल्या दुपारच्या ४५ अंशांपर्यंत हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी उतरते. शहाद्याहून तोरणमाळला, म्हणजे साधारण ११५० मीटरवर गेले की दाब समुद्रसपाटीच्या ८७ टक्क्यांच्या आसपास राहतो. कार्ब्युरेटरची गाडी तिथे रिच होऊन गुदमरायची. तापमान आणि दाबाचे सेन्सर असलेला ईसीयू हे हिशेबात घेतो, आणि उरलेली चूक ऑक्सिजन सेन्सर दुरुस्त करतो. फक्त उन्हात उभी करून पुन्हा सुरू केलेल्या गाडीत हवेच्या तापमानाचा सेन्सर इंजिनच्या धगीने चुकीचे वाचतो. त्या पहिल्या काही मिनिटांचे ट्रिम मॅपसाठी वापरू नयेत.

मोटार वाहन कायद्याची बाजू २०१९ च्या दुरुस्तीने कडक झाली: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. एप्रिल २०२५ पासून दुचाकींना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखण्याच्या नियमाचा, पुढचा टप्पा लागू झाला. त्यात कन्व्हर्टर नीट काम करतो का हे गाडीनेच तपासायचे असल्याने बऱ्याच नव्या गाड्यांत कन्व्हर्टरनंतर दुसरा ऑक्सिजन सेन्सर बसतो. पहिल्याला फसवणाऱ्या डबीचा माग आता दुसऱ्यावर लागू शकतो. ट्रिम वाचायला स्कॅनर तालुक्याच्या ठिकाणीही मिळतो. मॅप लिहिण्याची कुलपे मात्र अजून कंपनीकडेच आहेत.