पार्श्वभूमी: व्हर्च्युअल मशीनचं इंटरनेट आणि ‘ब्रिज’ या शब्दाचा गुंता

आज लॅपटॉपवर नवं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, तयार केलं की नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘नॅट’ आधीच निवडलेलं असतं. आतला संगणक तो गेस्ट, बाहेरचा खरा तो होस्ट. नॅटमध्ये गेस्ट होस्टच्याच पत्त्याआडून बोलतो, ब्रिजमध्ये तो नेटवर्कवर स्वतंत्र मशीन म्हणून दिसतो. बहुतेकांना तिथे हात लावावाच लागत नाही. पूर्वी असं नव्हतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या-पाचव्या आवृत्तीत ‘टिपिकल’ हा सोपा मार्ग धरला तर गेस्टला ब्रिज मिळायचा. पुढच्या आवृत्त्यांत ती जागा नॅटने घेतली. त्याच कामाचं व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, त्याचाही कल नॅटकडेच राहिला. हे सुरक्षिततेसाठी झालं असं सर्रास सांगतात. मला ते कारण दुय्यम वाटतं. त्याच वर्षांत लोकांचं काम टेबलावरच्या पीसीवरून लॅपटॉपवर आणि केबलवरून वायफायवर गेलं, आणि वायफायवर खरा ब्रिज चालतच नाही.

व्हर्च्युअल मशीन ही कल्पना मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांच्या काळातली, आयबीएमचं व्हीएम/३७० हे १९७२ चं. तिथे एका मशीनकडून दुसऱ्याकडे मजकूर पाठवायचा तर आभासी कार्ड पंच करायचं आणि समोरच्याच्या आभासी कार्ड-रीडरमध्ये टाकायचं. नॅटचा पहिला जाहीर मसुदा १९९४ चा, आणि १०, १७२.१६ व १९२.१६८ पासून सुरू होणारे खासगी पत्ते ज्या दस्तऐवजाने आजच्या रूपात पक्के केले तो १९९६ चा. दोन्हींमागची चिंता एकच होती, की जगातले पत्ते संपत चालले आहेत. व्हर्च्युअल मशीनचा विचार तेव्हा त्यात कुठेच नव्हता.

१९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं तेव्हा समोर असायचा केबल लावलेला पीसी. तिथे ब्रिज हाच सरळ उपाय होता. होस्टचं नेटवर्क कार्ड सगळी पॅकेट (माहितीचे तुकडे) ऐकणाऱ्या अवस्थेत टाकायचं आणि गेस्टला स्वतःचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) द्यायचा. केबल जिथे येऊन जुळतात त्या स्विचच्या लेखी एकाच पोर्टवर दोन मशीन लागलेली असतात, एवढंच. ऑफिसचा डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा) गेस्टला वेगळा आयपी पत्ता देणार, शेजारच्या टेबलावरून त्याला पिंग करता येणार, म्हणजे तो पोचतो का ते हाक देऊन बघता येणार, प्रिंटरही सापडणार.

वायफायवर हे का जमत नाही, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लॅपटॉप अ‍ॅक्सेस पॉइंटकडे, म्हणजे वायफाय देणाऱ्या उपकरणाकडे, जी फ्रेम (पत्ते लिहिलेलं माहितीचं पाकीट) पाठवतो तिच्यात तीन पत्ते असतात: अ‍ॅक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि जिथे पोचायचं त्याचा. ‘हवेत सोडणारा’ आणि ‘मूळ पाठवणारा’ हे दोघे वेगळे असू शकतात याची सोय त्या रचनेत नाही. शिवाय अ‍ॅक्सेस पॉइंट ओळखतो फक्त त्याच्याशी रीतसर जोडून घेतलेल्या मॅक पत्त्यांना. गेस्टचा मॅक पत्ता त्या यादीत नसतो, म्हणून त्याच्या नावाने गेलेली फ्रेम टाकून दिली जाते. परतीच्या वाटेवरही तेच, कारण अनोळखी पत्त्यासाठी अ‍ॅक्सेस पॉइंट हवेत काही सोडत नाही. चार पत्त्यांची फ्रेम मानकात आहे, पण ती मुख्यतः दोन अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना जोडण्यासाठी. घरातला साधा राउटर ती लॅपटॉपकडून सहसा स्वीकारत नाही.

मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तोडगा काढला, आणि गुंता तिथून सुरू झाला. व्हर्च्युअलबॉक्स वायफायवर ‘ब्रिज्ड’ निवडल्यावर गेस्टच्या बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा मॅक पत्ता पुसून तिथे होस्टच्या वायफाय कार्डाचा पत्ता लिहितं. गेस्टचा आयपी कोणता हे त्याला एआरपी (कोणत्या आयपीचा मॅक पत्ता कोणता हे विचारण्याची पद्धत) आणि डीएचसीपीच्या देवाणघेवाणीवर लक्ष ठेवून शिकावं लागतं. परत आलेल्या पॅकेटवरचा आयपी बघून ते पुन्हा गेस्टचा मॅक पत्ता चिकटवतं. विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं तशाच कामाचं हायपर-व्ही लॅपटॉपवर आलं तेव्हा तिथेही वायफायसाठी एआरपी प्रॉक्सीचाच, म्हणजे गेस्टच्या वतीने होस्टने उत्तर देण्याचाच, मार्ग धरला गेला. म्हणजे निर्णय आयपी पत्त्यावरून होतो, दुसऱ्या थराचं (मॅक पत्त्यांचं) काम तिसऱ्या थराच्या (आयपीच्या) आधाराने चालतं, आणि खिडकीवर पाटी मात्र ‘ब्रिज’चीच.

लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्याच्या गाभ्याने, उलट भूमिका घेतली. २.६.३३ या आवृत्तीपासून, क्लायंट म्हणून जोडलेलं वायफाय कार्ड ब्रिजमध्ये टाकायला गेलं की कर्नल नकार देतो. ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ एवढंच उत्तर येतं. त्या नकारावर तेव्हा बरीच नाराजी उमटली. लोकांचं म्हणणं, विंडोजवरच्या सॉफ्टवेअरला जमतं तर इथे का नाही? माझ्या मते कर्नलचा निर्णय योग्य होता. जे मानकात बसत नाही ते जमल्याचा देखावा करण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा, कारण अर्धवट ब्रिजमधला दोष शोधणं फार जड जातं. घरच्या राउटरवर चालणारं सेटिंग कॉलेजच्या वायफायवर बंद पडतं, कारण तिथे एका जोडणीला एकच आयपी असं बंधन असू शकतं. वापरणारा मात्र गेस्टमधल्या ड्रायव्हरला दोष देत बसतो.

शब्दाचा गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. लिनक्सवर केव्हीएम या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीसोबत लिबव्हर्ट हे मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर येतं, त्याचं डिफॉल्ट नेटवर्क १९२.१६८.१२२ चं, आणि त्याच्या इंटरफेसचं नाव ‘व्हीआयआरबीआर०’. नावातल्या ‘बीआर’मध्येच ब्रिज आहे, आणि तो खराखुरा ब्रिजही आहे, पण फक्त गेस्ट एकमेकांना जोडण्यापुरता. बाहेर जाताना सगळं नॅटमधूनच जातं. कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात ठेवलेले प्रोग्रॅम, चालवणाऱ्या आणि २०१३ मध्ये आलेल्या डॉकरचं ‘ब्रिज’ नेटवर्कही तसंच. आपल्या घरच्या फायबर राउटरमध्ये ‘ब्रिज मोड’ असतो त्याचा अर्थ आणखी तिसरा: राउटरने स्वतःचं नॅट बंद करायचं आणि जोडणी पुढच्या राउटरकडे सोपवायची. ‘इंटर्नल’ या नेटवर्कच्या पर्यायाचंही असंच झालं आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘इंटर्नल’मध्ये होस्टला प्रवेश नाही, हायपर-व्हीच्या ‘इंटर्नल’मध्ये आहे. हायपर-व्ही ज्याला ‘प्रायव्हेट’ म्हणतं ते व्हर्च्युअलबॉक्सचं ‘इंटर्नल’, आणि व्हर्च्युअलबॉक्सचं ‘होस्ट-ओन्ली’ ते हायपर-व्हीचं ‘इंटर्नल’. एका सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली कृती दुसऱ्यावर उतरवताना माणसं इथेच घसरतात.

आता नॅटची बाजू. क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारं आणखी एक सॉफ्टवेअर) आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्हींत गेस्टला १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो, गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १०.०.२.२. हा योगायोग नाही. दोघांच्या पोटात स्लर्प नावाचा एकच जुना प्रोग्रॅम होता. तो नव्वदीच्या मध्यातला, डायल-अपच्या शेल खात्यासाठी लिहिलेला. शेल खात्यावर फक्त मजकुराचं टर्मिनल मिळायचं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं झालं, त्यानंतर विद्यार्थ्यांना मिळणारं स्वस्त खातं याच जातीचं होतं आणि चित्रांसह वेब दाखवणारं खातं कितीतरी महाग. स्लर्प शेल खात्यावर बसून, कोणतीही विशेष परवानगी न मागता, पलीकडच्या पीसीची पॅकेट उलगडायचा आणि साध्या जोडण्या करून द्यायचा. लॅपटॉपवरच्या गेस्टची गरज नेमकी हीच होती. अ‍ॅडमिनचे अधिकार नकोत, वायफायला गेस्टचा सुगावा लागू द्यायचा नाही, होस्ट जिथे पोचतो तिथे गेस्टही पोचला पाहिजे. हॉटेलच्या लॉगिन पानापलीकडे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, ऑफिसच्या व्हीपीएनमधून, सगळीकडे.

त्याची किंमतही होती. साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात पिंग पाठवणं अवघड असल्याने ब्राउझर चालतो आणि पिंग मात्र पडतं. इंटरनेट बंद आहे असं समजून कित्येकांनी सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं असेल. प्रत्येक गेस्ट आपापल्या वेगळ्या नॅटमागे, पत्ताही तोच, त्यामुळे दोन गेस्ट एकमेकांना दिसत नाहीत. होस्टवरून गेस्टमध्ये शिरायचं तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे होस्टच्या एका पोर्टवर आलेलं गेस्टच्या पोर्टकडे वळवणं. २०१० मध्ये आलेल्या व्हॅग्रंट या मशीन आपोआप उभी करणाऱ्या साधनाने होस्टचं २२२२ पोर्ट गेस्टच्या २२ ला जोडायची सवय लावली. दोन कार्डांची पद्धतही तेव्हाच रुळली: पहिलं नॅटचं, इंटरनेटसाठी, आणि दुसरं होस्ट-ओन्ली, १९२.१६८.५६ चं, गेस्टशी बोलण्यासाठी. आजही लॅपटॉपवर दोन-तीन मशीनची प्रयोगशाळा उभी करणाऱ्याला मी हेच सुचवतो. व्हर्च्युअलबॉक्सने २०१३ मध्ये ४.३ पासून ‘नॅट नेटवर्क’ दिलं आणि गेस्ट एकमेकांना दिसू लागले.

पुढचे बदल भराभर आले. २०१७ च्या सुरुवातीला डॉकर १.१३ ने होस्टमधून पुढे जाणारी, पण आपल्या नियमांत न बसणारी रहदारी अडवायला सुरुवात केली, आणि त्याच लॅपटॉपवर लिनक्स ब्रिजला जोडलेल्या केव्हीएम गेस्टचं इंटरनेट अचानक जाऊ लागलं. त्याच वर्षी विंडोज १० मध्ये हायपर-व्हीचा ‘डिफॉल्ट स्विच’ आला. नॅट आपोआप मिळालं, पण पुन्हा सुरू केल्यावर त्याचे पत्ते बदलायचे. २०२० मध्ये विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ त्याच धर्तीवर आलं. इथलं नॅट स्लर्पच्या जातीचं नव्हतं, होस्टच्या व्हीपीएनशी त्याचं जुळेना, आणि व्हीपीएन लावल्यावर इंटरनेट गेल्याच्या तक्रारींचा ढीग झाला. २०२३ मध्ये विंडोज ११ साठी ‘मिरर्ड’ पद्धत आली. तिच्यात होस्टचेच इंटरफेस गेस्टमध्ये जसेच्या तसे दिसतात.

स्लर्पचा वंशही याच सुमारास मागे पडू लागला. क्यूईएमयूने ७.२ या आवृत्तीत त्याची सोबत ठेवलेली प्रत काढून टाकली, आता ते लायब्ररी म्हणून वेगळं घ्यावं लागतं. कंटेनरच्या बाजूला डॉकरसारख्याच पॉडमनच्या २०२४ मधल्या ५ व्या आवृत्तीने साध्या वापरकर्त्याच्या कंटेनरसाठी स्लर्पऐवजी ‘पास्ता’ हे डिफॉल्ट केलं. विशेष अधिकार तोही मागत नाही, पण पत्ता बदलत बसण्याऐवजी होस्टचाच आयपी आत दाखवतो.