अमोनियम आणि नायट्रेट: भाताच्या तरव्याला दोन्ही सारखे नाहीत

‘नत्र तो नत्र, पोतं कुठलं का असेना!’ हे आता पुरे. नत्र म्हणजे नायट्रोजन, आणि मूळ तो मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट या दोन रूपांत घेतं. मिरचीच्या ठिबकासाठी आणलेलं कॅल्शियम नायट्रेट उरलं की ते भाताच्या वाफ्यावर उधळायचं, आणि तरवा (लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली रोपं) उठला नाही की बियाण्याच्या नावाने बोटं मोडायची.

युरिया सगळ्यांना पाठ आहे. नत्र 46 टक्के, ओल्या मातीत पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र जेमतेम 21 टक्के, पण सोबत गंधक. यावरून भांडायचं कारण नाही.

अमोनियमवर धनभार असतो, त्यामुळे मातीचे कण ते धरून ठेवतात. ऋणभारित नायट्रेट कोकणातल्या पावसात खाली झिरपून जातं, आणि तुंबलेल्या चिखलात तर ऑक्सिजनला वखवखलेले जिवाणूच ते फोडतात, नत्र वायू होऊन उडतो. हेही बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

घोटाळा होतो तो पुढे. नत्र कुठल्या रूपात मुळात शिरतो, त्यावर बाकीची अन्नद्रव्यंही हलतात. अमोनियम घेताना मूळ आम्लता बाहेर टाकतं. मुळाभोवतीचा सामू (pH) उतरतो, स्फुरद (फॉस्फरस) आणि लोह उचलणं सोपं जातं. पण पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम हेही धनभारितच, ते मागे पडतात. नायट्रेटचं नेमकं उलट: हे तिघे बरे शिरतात, सामू चढतो आणि लोह अडतं. म्हणून नुसत्या युरियावर पोसलेल्या गर्द हिरव्या, लुसलुशीत तरव्याचं मला कौतुक नाही. पालाशाचं काय, ते आधी विचारा.

आणि नुसत्या पोत्यावरही जाऊ नका. पावसाने ओढ दिली की कोरड्या, हवेशीर गादीवाफ्यात (उंच केलेल्या वाफ्यात) युरियाचंही शेवटी नायट्रेटच होतं. त्यात राबाची, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळल्याची, राख सामू आणखी वर नेते. मग शेंड्याचं कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची तक्रार. नत्र कमी पडला तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. वाफ्यावर वाकून एवढं बघायला काय जातं? पण नाही, पिवळं दिसलं की टाक मूठभर युरिया! अशा वेळी आधी पाणी द्या, वाफा ओला राहू द्या, आणि नत्र द्यायचाच तर अमोनियम सल्फेटमधून द्या. कोरड्या वाफ्याला माझी पसंती तीच.

लावणीनंतर चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली खताची गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खुपसायला सांगतात, तेही याचसाठी. खालच्या बिनहवेच्या थरात अमोनियम अमोनियमच राहतं. काही जण मात्र कंबर दुखते म्हणून ब्रिकेट पाण्यावर भिरकावतात. भिरकवायचीच होती, तर साधा युरिया काय वाईट होता?