नैहांची म्हणजे उंच टेक्की नव्हे

तरुणपणी शोतोकान ही कराटेची शैली केलेले आणि आता पन्नाशी-साठीत पुन्हा कराटेकडे वळलेले लोक भेटले की एक सल्ला हमखास ऐकू येतो. ‘गुडघे कुरकुरतात ना? मग टेक्की जरा उंच उभं राहून करा. कराटेच्या माहेरी, ओकिनावात, तसंच करतात.’ टेक्की ही शोतोकानची काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, आणि नैहांची हे तिचं ओकिनावी रूप. मग त्या उंच केलेल्या टेक्कीलाच बिनदिक्कत नैहांची म्हटलं जातं. हे ऐकून कान किटले आहेत. उंचीचा फरक आहे, पण तो परिणाम आहे. खरा फरक पायांत आहे, आणि तो चुकला की गुडघ्यांचं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं.

टेक्की तुम्हाला माहीत आहे. हेइआन नावाच्या पाच सुरुवातीच्या काता संपल्या की तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेसाठी घोटून घेतलेली, एकाच रेषेत डावी-उजवीकडे सरकणारी काता. रुंद, खोल किबा-दाची (घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं), गुडघे बाहेर रेटलेले, मांड्यांना पेटके. याहून जास्त सांगायची गरज नाही.

दोन्हींचं मूळ एकच. ओकिनावातल्या शुरीचे कराटे-गुरू इतोसू आंको यांच्या (१८३१–१९१५) परंपरेत नैहांची ही सुरुवातीला शिकवायची काता. तीच शोतोकानचे जनक फुनाकोशी गिचिन १९२२ साली टोकियोला घेऊन गेले आणि पुढे तिला टेक्की म्हणू लागले. त्यांचे स्वतःचे १९२०च्या दशकातले फोटो पाहिले तर ते चांगले उंच उभे दिसतात. खोल उभं राहणं आलं ते नंतर, त्यांचा मुलगा गिगो आणि विद्यापीठांतली तरुण पोरं यांच्या काळात. त्यामुळे ‘शोतोकानने काता बिघडवली’ असली ओरड मी करणार नाही. वीस वर्षांच्या पोराचे पाय कमवायला खोल टेक्कीइतकं चांगलं साधन शोधून सापडायचं नाही. ओकिनावात मात्र इतोसूंचे शिष्य चिबाना चोशिन (१८८५–१९६९) यांच्या शोरिन-र्यू शैलीत आणि इतर शाखांत उंच, अरुंद नैहांचीच चालू राहिली.

किरकोळ फरक एका दमात सांगून टाकतो. ओकिनावात ही काता आधी येते, शोतोकानमध्ये उशिरा. टेक्कीत पाय उचलून धाडकन आपटतात, नैहांचीत पाऊल बेतानं पडतं. (फ्लॅटमधल्या फरशीवर अनवाणी टाच आपटणाऱ्या साठीच्या माणसाला काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही.) दर वाक्याला ‘ओस’ हा होकाराचा शब्द ठोकायची सवय ओकिनावातल्या बहुतेक दोजोंत (कराटेच्या शाळांत) नाही. तिथे साधं ‘हाय’, म्हणजे ‘हो’, म्हणतात. आणि नैहांची संथ असते हाही गैरसमजच. हात पुरेसे झपकन जातात.

आता पाय.

किबा-दाचीत जोर बाहेरच्या दिशेनं असतो. गुडघे बाहेर रेटायचे, आणि पावलांमधल्या रुंदीमुळे तो रेटा जमिनीत मुरतो. ही सगळी रचना रुंदीवर उभी आहे. तुम्ही उंच झालात आणि पावलं जवळ आणलीत, पण गुडघे बाहेर रेटायची जुनी सवय तशीच ठेवलीत, तर त्या रेट्याला टेकायला जागाच उरत नाही. भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो, अंगठ्याचं मूळ जमिनीवरून सुटतं, कंबर बंद पडते आणि उरतात नुसते हात. बहुतेकांची ‘ओकिनावी’ काता म्हणजे वरून फिरणारे हात आणि खाली दोन अवघडलेले खांब. एक वर्तमानपत्राचा कागद घ्या. उंच टेक्कीत उभे राहा आणि कुणाला तरी तो अंगठ्याच्या मुळाखालून ओढायला सांगा. सुळकन निघून आला, तर तुम्ही नैहांचीत नाही.

नैहांचीत जोर आत येतो. पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद, बोटं किंचित आत वळलेली. हा कोन शाखेशाखेत बदलतो, त्यावरून भांडण नको. दोन्ही तळवे जमीन जणू एकमेकांकडे ओढताहेत असा जोर लावायचा. नारळावर चढणारा माणूस दोन्ही तळव्यांनी बुंधा आवळून धरतो, तसा. मग मांडीची आतली बाजू जागी होते, माकडहाड आपोआप खाली येतं, आणि बरगड्या व खुबा यांच्यामधला कमरेचा भाग, ज्याला ओकिनावात गामाकू म्हणतात, तो मोकळेपणानं वळू शकतो. हाताचा झटका तिथून निघतो. खांद्यातून नाही.

इथेच दुसरा खड्डा आहे आणि त्यात हुशार लोक पडतात. जोर आत म्हटलं की ते गुडघेच आत पाडतात. आत वळायचं ते पाऊल, आत खेचायचा तो जोर. गुडघा मात्र पायाच्या बोटांच्या रेषेतच राहिला पाहिजे. गुडघे एकमेकांकडे कोसळले तर आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो, आणि साठीत हे दुखणं महिनोन् महिने पाठ सोडत नाही. वरून खाली बघून हे कळत नाही. कुणाला तरी समोर बसवून गुडघ्यांवर नजर ठेवायला सांगा.

चाचणी साधी आहे. उभे राहा आणि जोडीदाराला खुब्यावर बाजूनं तळहात ठेवून हळूहळू ढकलू द्या. धक्का नको, दाब. जोर आत असेल तर दाब विरुद्ध पायाच्या तळव्यात उतरतो आणि तुम्ही जागच्या जागी राहता. जोर बाहेर असेल तर वरचं अंग आधी कलंडतं. मग नामी-गाएशी करून बघा, म्हणजे पाऊल झटकन आत उचलून परत ठेवायचं. त्याआधी डोकं दुसऱ्या पायाकडे सरकत असेल तर अजून बस्तान बसलेलं नाही.

उतारवयात हे कामाचं का, तर खुबा मोडतो तो फार वेळा कडेला पडल्यामुळे. आपलं चालणं, फिरणं, जिने चढणं सगळं पुढे-मागे असतं. बाजूला तोल सावरायची सवय कुणाला नसते. नैहांची अथपासून इतिपर्यंत बाजूलाच चालते. पण तिच्यातलं पायावरून पाय ओलांडणारं पाऊल ही नवशिक्या ज्येष्ठाची पडायची हक्काची जागा आहे. सुरुवातीला खुर्चीची पाठ धरा, लाज वाटू देऊ नका. जागेचीही सबब नाही, सोफा आणि टीव्ही यांच्यामधली पट्टी पुरते.

श्वासाबद्दल थोडक्यात. नैहांचीत श्वास नेहमीसारखा चालू ठेवायचा. गोजू-र्यू शैलीतल्या सांचिन कातेचं घोंघावणारं श्वसन आणि अंग आवळणं इथे आणू नका. श्वास कोंडून अंग आवळलं की त्या क्षणी रक्तदाब चढतो. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहिला दीर्घायुष्याचा मुद्दा. ‘ओकिनावाचे लोक कराटेमुळे शंभर वर्षं जगतात’ हा फॉरवर्ड कृपा करून मला पाठवू नका. तिथे शंभरी गाठणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त आहेत, आणि त्या पिढीतल्या बायका कराटे फारशा शिकत नव्हत्या. २००० सालच्या आकडेवारीत तर ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात जपानच्या ४७ प्रांतांमध्ये २६व्या क्रमांकावर घसरले. कराटे तेव्हाही होतंच. गोजू-र्यूचे मियागी चोजुन पासष्टीच्या आसपास गेले, मात्सुबायाशी-र्यूचे नागामिने शोशिन नव्वदीच्या घरात पोचले. इतोसूंनी १९०८ सालच्या पत्रात केलेला दावा माफक होता: जुने कराटेवाले दीर्घायुषी होते, कराटेनं हाडं-स्नायू बळकट होतात, पचन आणि रक्ताभिसरण सुधारतं. ते पत्र शाळांत कराटे नेण्यासाठी लिहिलेलं होतं, तेव्हा वकिली धरूनच वाचावं. हाडं आणि स्नायूंचं मात्र मला पटतं.

ज्यांना जुनी टेक्की सोडवत नाही त्यांच्यासाठी माझं मत ठाम आहे: सुरुवातीचे काही महिने दोन्ही एकत्र करू नका. हातांच्या हालचाली इतक्या सारख्या आहेत की पाय जुन्या वळणावर कधी गेले ते कळतही नाही. नैहांचीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कातेच्या (नि-दान, सान-दान) मागेही लागू नका. पहिल्या कातेत (शोदान) कागद अंगठ्याखालून निघेनासा झाला की मग बघू.