थांबता येत होतं म्हणून जिंकलेली गाडी

फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीत मुलसान नावाचा जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता. १९५३ साली जॅग्वार कंपनीची सी-टाइप ही शर्यतीची गाडी तिथे ताशी २४० किलोमीटरच्या आसपास धावे, आणि पट्टा संपला की समोर काटकोनी वळण! चालक, पेट्रोल धरून गाडी हजार किलोची आणि वेग ६० पर्यंत उतरवायचा, असं मानून हिशेब केला. त्या काही सेकंदांत ब्रेकमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेवर साडेसहा लिटर पाणी उकळेल. विजेत्या गाडीने २४ तासांत ३०४ फेऱ्या मारल्या, म्हणजे हे ३०४ वेळा.

तेव्हाच्या शर्यतीच्या गाड्यांना ड्रम ब्रेक असत. ड्रम म्हणजे पालथं पातेलंच. लायनर, म्हणजे घासून वेग कमी करणाऱ्या पट्ट्या, आतून बाहेर दाबले जातात. तापलं की पातेलं फुगतं आणि लायनरपासून लांब जातं. पेडल खोल जातं, लायनरची पकड सुटते, आणि आतली उष्णता आतच कोंडते. घाट उतरताना येणारा तो जळका वास ज्यांनी घेतलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत सापडते. तापून ती जाड झाली तरी पॅडकडेच सरकते, आणि वारा तिला सतत निववत राहतो. ऐकायला सोपं वाटतं. पण हे ब्रेक बनवणाऱ्या डनलॉप कंपनीसोबतच्या चाचण्यांत ब्रेक ऑईलच उकळायचं. जॅग्वारचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी ते ब्रेक पुन्हा पुन्हा तापवून, दोष शोधून सुधारून घेतले. माझ्या मते या गाडीचे खरे नायक तेच.

१९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेकची सी-टाइप घेऊन फ्रान्समधल्याच रँसची शर्यत जिंकली. त्याच वर्षी ल माँला मात्र जॅग्वारची दैना झाली होती. वेग वाढावा म्हणून गाडीचं नाक बदललं, इंजिनाला पुरेसा गारवा मिळेना आणि तिन्ही गाड्या तापून बाद झाल्या.

पुढच्या वर्षी जुना आकार परत आला, चारही चाकांना डिस्क बसल्या. समोर साडेचार लिटर इंजिनाची फेरारी होती, जॅग्वारचं इंजिन ३.४ लिटरचं. पण मुलसानच्या टोकाला जॅग्वारचे चालक ब्रेकवर पाय उशिरा ठेवू शकत, आणि पहाटेही तितक्याच उशिरा. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी सरासरी ताशी १७० किलोमीटरने शर्यत जिंकली; दुसरा आणि चौथा क्रमांकही सी-टाइपचाच.