थंडीचा म्हातारा आणि टोपीवाली अळंबी

पांढऱ्या दाढीचा थंडीचा म्हातारा आणि त्याच्या पायाशी पाळीव कुत्र्यासारखी घुटमळणारी, डोळे लुकलुकवणारी अळंबी. अशी जोडी आजच्या कल्पनाचित्रांत सहज खपून जाते. दोघांचीही मुळं पूर्व स्लाव, म्हणजे रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या, खेड्यांतल्या कथांमध्ये सापडतात. फरक एवढाच की तिथली अळंबी पाळीव नव्हती, तिच्यापुढे वाकावं लागे.

आधी म्हातारा. रशियन भाषेत 'मोरोझ' म्हणजे कडाक्याची, गोठवणारी थंडी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातला कर्ता पुरुष 'कुत्या' घेऊन दाराशी किंवा खिडकीशी उभा राही (नावावर जाऊ नका, उकडलेल्या गव्हात मध आणि खसखस घालून केलेला हा पदार्थ आहे) आणि मोरोझला जेवायला हाक मारी. ये, खाऊन जा, पण उन्हाळ्यात येऊन आमचं पीक जाळू नकोस, असा त्या आमंत्रणाचा मथितार्थ. अवेळी पडलेल्या हिमाने कोवळी रोपं एका रात्रीत काळी पडतात, तेव्हा यात भक्तीपेक्षा धास्तीच जास्त. आपल्याकडे मरीआईला वेशीवर नैवेद्य ठेवतात, त्याच जातीचं हे.

हाच मोरोझ 'मोरोझ्को' होऊन लोककथेत येतो. अलेक्सांद्र अफानास्येव यांनी 1855 ते 1863 या काळात आठ भागांत छापलेल्या रशियन लोककथांमध्ये ती आहे. सावत्र आई नवऱ्याला सांगून मुलीला भर थंडीत रानात सोडते. मोरोझ्को झाडाझाडावरून कडकड वाजत येतो आणि विचारतो, "ऊब आहे ना ग पोरी?" ती काकडत असते, तरी म्हणते, "आहे हो, मोरोझबाबा." एवढ्या उत्तरावर तिला पांघरूण मिळतं, दागिने मिळतात. सावत्र बहीण मात्र त्याच्यावर खेकसते आणि गोठून मरते. मला यातला सर्वांत आवडता प्रसंग घरातला आहे. म्हातारी सावत्र आई त्या मुलीच्या तेराव्याचे म्हणावेत असे घावन भाजत बसलीय आणि टेबलाखालचा कुत्रा भुंकून सांगतोय की तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याची लेक सोन्याचांदीने मढून येतेय. म्हातारी त्याला घावन टाकते, 'नीट बोल' म्हणते. कुत्रा घावन खातो आणि पुन्हा तेच भुंकतो.

पुढे शहरांनी या मोरोझला गोंडस केलं. 1873 साली रशियन नाटककार ओस्त्रोव्स्कींच्या नाटकात तो हिमकन्या स्नेगुरोच्काचा बाप झाला. सोव्हिएत राजवटीत नाताळच्या झाडावर गदा आली होती. 1935च्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रात पक्षनेते पावेल पोस्तिशेव यांचं पत्र छापून आलं, आणि झाड 'नववर्षाचं' म्हणून परतलं. त्यामागोमाग खेळणी वाटणारा 'देद मोरोझ', म्हणजे मोरोझ आजोबा, आला. 1998पासून वेलीकी उस्त्युग या गावाला त्याचं घर म्हणतात.

आता अळंबी. आपल्याकडे रस्त्याकडेच्या छत्र्यांना आपण 'कुत्र्याच्या छत्र्या' म्हणून मोकळे होतो. रशियन माणूस मात्र अळंब्या वेचायला 'शांत शिकार' म्हणतो. त्यातला मानाचा गडी 'बोरोविक', 'बोर' म्हणजे पाइनच्या रानातला, जाड देठाचा आणि तपकिरी टोपीचा. अफानास्येव यांच्याच संग्रहात अळंब्यांच्या लढाईची एक छोटी गोष्ट आहे. ओकखाली बसलेला कर्नल बोरोविक सगळ्यांना युद्धाला बोलावतो. कुणी म्हणतं आम्ही खानदानी बायका, कुणी म्हणतं आमचे पाय बारीक.

दोघं एकत्र आले ते अलेक्सांद्र रोऊ यांच्या 1964च्या 'मोरोझ्को' चित्रपटात. तिथे टोपीवाला अळंबीबाबा बढाईखोर नायक इवानला धनुष्यबाण देतो आणि बदल्यात वाकून नमस्कार मागतो. इवान उर्मटपणे म्हणतो, अस्वलाला वाकायला सांग. पुढे इवानच्याच मानेवर अस्वलाचं डोकं येतं. चेक प्रेक्षक हा चित्रपट 'म्राझीक' नावाने दरवर्षी नववर्षाच्या सुमारास टीव्हीवर बघतात.

रानात मात्र या दोघांची गाठ फारशी पडत नाही, कारण कडाक्याचं हिम पडू लागलं की बोरोविकचा हंगाम संपतो. भेट व्हायची ती घरात. चुलीवर दोऱ्यात ओवून वाळवलेल्या अळंब्या, युक्रेन-बेलारूसकडच्या घरांत, नाताळच्या आदल्या रात्रीच्या बिनमांसाच्या जेवणात शिजत. म्हणजे दाराशी मोरोझला हाक मारली जाई त्याच संध्याकाळी.