कलम २७ आणि कोठडीतली सक्ती : पार्श्वभूमी

मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि कबुलीसाठी होणाऱ्या छळाची चौकशी १८५५मध्ये झाली. पुढे १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढची कबुली पुराव्यातून बाद केली आणि १८७२च्या पुरावा कायद्यात याच तरतुदी कलम २५ ते २७ झाल्या. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगणारे घटनेचे कलम २०(३) नंतरचे.

सगळा गुंता कलम २७चा. कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या माहितीतला शोधाशी थेट जोडलेला भागच पुरावा म्हणून वाचता येतो. प्रिव्ही कौन्सिलच्या १९४६च्या निकालाने ही रेघ आखून दिली: ‘छपरात लपवलेला चाकू काढून देतो’ चालेल, ‘त्याच चाकूने भोसकले’ वगळायचे. तरी निवेदन पंचनाम्यात, म्हणजे आरोपीने दिलेली माहिती पंचांसमोर लिहून घेतात त्या कागदात, अख्खी कबुली उतरवलेली असते. जागा पोलिसांना आधीच ठाऊक असते, ती कोणालाही जाता येईल अशी उघडी असते, किंवा पंच पोलिसांचे नेहमीचेच असतात. प्रकरण ढिले पडते ते इथेच.

१९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. हे पटते. त्याच निकालात असेही म्हटले की निवेदन पोलीस कोठडीत केले, एवढ्यावरून सक्ती झाली असे मानता येणार नाही. अडचण या वाक्याची आहे. सक्ती झाली हे आरोपीने दाखवायचे, पण त्या खोलीत त्याच्या बाजूचा साक्षीदारच नसतो. वैद्यकीय तपासणीत वळ नोंदले गेले नाहीत, तर त्याच्या हाती काही उरत नाही.

१९७८मध्ये गप्प राहण्याचा हक्क तपासाच्या टप्प्यापर्यंत आणला गेला. २०१०मध्ये नार्को (गुंगीचे औषध देऊन चौकशी), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या प्रतिसादाची चाचणी) संमतीशिवाय करण्यास मनाई झाली. संमतीने केलेल्या चाचणीतली उत्तरेही पुरावा नाहीत. मात्र त्यातून पुढे सापडलेली वस्तू कलम २७खाली येऊ शकते, म्हणजे वाट पुन्हा तिथेच. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या मकोका कायद्यात (१९९९) तर अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुलीही चालते.

१ जुलै २०२४पासून तिन्ही कलमे पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३मध्ये एकत्र आली. जुने २७ तिथे परंतुक, म्हणजे अपवादाची जोड, म्हणून उरले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे करते. चाकू काढताना कॅमेरा चालू असतो. आरोपीने जागा सांगितली त्या चौकशीला मात्र हे कलम लागू नाही.